तीन कोटेशनं आणि एक पदवी

कॉलेजची भिंत वाजवून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवाने तो माझा घरमालक होता. घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या कॉलेजात आम्ही त्यांच्या मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला गेलेलो. प्रवेशाचं बघणाऱ्या मॅडम पुढे होऊन कॉम्प्युटर लॅबचं दार उघडत होत्या आणि काका मागे राहून वाकवलेल्या बोटांनी भिंत ठोकत होते. आतून पोकळ आवाज आला. काका माझ्याकडे वळले आणि मॅडमना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "प्लायवूड."

मॅडम हसल्या. काका हसले नाहीत. खरेदीला निघालेल्या माणसाने हसू नये असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या हिशेबी ही खरेदीच होती.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडपासून थोडं आत, एका मजल्यावर त्यांचे समोरासमोर दोन फ्लॅट होते. एकात काका, काकू आणि त्यांची मुलगी तन्वी. दुसऱ्यात मी भाड्याने. माझं ऑफिस घोडबंदरला. कंपनीची बस शीळफाट्याला अडकायची, सुटायची, पुन्हा अडकायची, आणि त्या हेलपाट्यातून उरलेलं माझं आयुष्य या फ्लॅटमध्ये जायचं. मी सिस्टिम सपोर्टला होतो. एवढ्या भांडवलावर काका मला 'आयटी' म्हणायचे. "काय हो आयटी, आज सुट्टी वाटतं?" असं दारातून विचारलं की समजायचं, आपला शनिवार गेला.

काका एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत खरेदी खात्यात होते. नोकरी संपली तरी खातं संपलं नव्हतं. कंदील दिवाळी उलटल्यावर घ्यायचा, स्वेटर मे महिन्यात, रेनकोट जानेवारीत. भाजी दुपारी, भाजीवालीला घरी जायची घाई झाल्यावर. तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय ते टाचणी घ्यायचे नाहीत, आणि दुसऱ्या दुकानात पहिल्याचा भाव सांगताना थोडा कमी करून सांगायचे. याला ते लबाडी म्हणत नसत, 'निगोशिएशन' म्हणत. जानेवारीत तन्वीच्या मापाचा घेतलेला रेनकोट जूनपर्यंत तिला आखूड व्हायचा. काकू एकदा चहा ओतता ओतता म्हणाल्या की आमच्याकडे सगळं स्वस्तात येतं, फक्त उपयोगाचा दिवस सोडून येतं. काकांना ती स्तुती वाटली.

तन्वी बारावी कॉमर्सला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिने इन्फर्मेशन सिस्टिम्स घ्यायचं ठरलं. म्हणजे कंपनीचा माल, हिशेब, ऑर्डरी, पगार हे सगळं ज्या कॉम्प्युटरच्या व्यवस्थेवर चालतं ती उभी करायचं आणि सांभाळायचं शिक्षण. मुलीला त्याची मनापासून आवड होती. पण काकांचं कारण वेगळं होतं. त्यांच्या कंपनीत अशी सिस्टिम आली आणि खरेदीच्या ऑर्डरी आपोआप निघायला लागल्या. साहेबांनी सगळ्या खात्याला ट्रेनिंगला बसवलं. बाकीचे शिकले. काकांनी ट्रेनिंग देणाऱ्या मुलाला तुमच्या कंपनीने या कामाचे किती घेतले आणि घासाघीस कोणी केली, एवढंच विचारलं. काही महिन्यांनी त्यांना सन्मानाने लवकर निवृत्त करण्यात आलं.

"मला न विचारता ऑर्डर गेली हो," असं ते मला एकदा म्हणाले होते. "पोरीने त्या बाजूला बसावं. जिथून ऑर्डर जाते तिथे."

या माणसाचं मला मनापासून पटलेलं हे एकमेव वाक्य.

पुढचं सगळं मात्र अवघड होतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कॉम्प्युटर शिकवणारी कॉलेजं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवलेली. प्रत्येकाची पदवी वेगळ्या नावाची, प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर हिरवळीवर बसून हसणारी तीच मुलं. त्यातली निदान दोन गोरी. डोंबिवलीत एवढी हिरवळ कुठे आहे, हा प्रश्न कुठल्याही पालकाला पडत नव्हता. पालक वातानुकूलित हॉलमध्ये बसून सँडविच खात होते आणि 'ग्लोबल' हा शब्द आला की मान डोलावत होते. या भोळ्या गर्दीत काका शिरले, तेव्हा खरं सांगतो, सुरुवातीला मला बरं वाटलं.

त्या काचेच्या कॉलेजात मॅडमनी आम्हाला नोकरी लागलेल्या मुलांच्या फोटोंचा मोठा फलक दाखवला. काकांनी फलकाकडे बघितलंसुद्धा नाही.

"फोटो नको. सॅम्पल दाखवा."

मॅडमना कळेना. काकांनी शांतपणे समजावलं की आम्ही रंगाचा एक डबा घेताना आधी नमुना मागवायचो. तुम्ही मुलीची तीन वर्षं मागताय. गेल्या वर्षी इथून पास झालेला एक मुलगा समोर बसवा, मी त्याला दोन प्रश्न विचारतो. मॅडम म्हणाल्या, सगळे कंपन्यांत कामाला आहेत. मग एकाला फोन लावा, असं काका म्हणाले. तिथून अर्धा तास नुसती धावपळ. शेवटी एक सॅम्पल मिळालं. ते त्याच कॉलेजात, खालच्या मजल्यावर, येणाऱ्या पालकांना माहितीपत्रकं वाटत होतं. गेल्या वर्षी पहिल्या वर्गात पास झालेलं.

काका त्याच्याशी फार प्रेमाने बोलले. बाहेर पडल्यावर बसस्टॉपपर्यंत चालताना त्यांच्या चालीत एक प्रकारची नाचरी धुंदी होती. तन्वी मात्र मान खाली घालून चालत होती. तिने मला हळूच विचारलं, "दादा, त्या मुलाला कसं वाटलं असेल?" काकांनी ते ऐकलं नाही. ते पुढच्या कॉलेजाचा विचार करत होते.

पुढचं कॉलेज शीळफाट्याजवळ होतं. खाली टायरचं दुकान, वर संस्था. पदवी कुठल्या तरी परराज्यातल्या विद्यापीठाची, वर्ग फक्त रविवारी. तिथल्या गृहस्थांनी आम्ही खुर्चीत टेकायच्या आत फीमध्ये सवलत जाहीर केली आणि वर एक टॅब भेट देतो म्हणाले. काका लगेच उठले. न मागता उतरतो तो माल उचलायचा नसतो, असं त्यांनी जिना उतरताना मला शिकवलं. तेही बरोबरच होतं. काकांचा मला राग यायचा तो याचसाठी. हा माणूस मूर्ख नव्हता. फसवणूक त्याला लांबून वासाने कळायची. त्याला एकच गोष्ट जमत नव्हती. ती म्हणजे घेणं.

हे मला कल्याणला कळलं.

कल्याणचं ते कॉलेज मीच सुचवलं. माझ्या ऑफिसातली दोन मुलं तिथली होती आणि दोघांना काम येत होतं. माझ्या मते शिक्षणात याहून मोठं प्रमाणपत्र नसतं. जुनी इमारत, कमरेपर्यंत ऑइलपेंट मारलेल्या भिंती, कुरकुरणारे पंखे. लॅबमधली मशीनं जुनी होती, पण सुट्टीतसुद्धा त्यांच्यावर मुलं बसलेली. एक मुलगी दुसरीवर खेकसत होती की तू डेटाची टेबलं चुकीची जोडलीस म्हणून एकाच गिऱ्हाइकाचं नाव चारदा येतंय. तन्वी त्या दोघींच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हलेचना.

विभागाचे सर बाहेर आले. त्यांनी काकांना नमस्कार केला आणि त्यानंतर फक्त तन्वीशी बोलले. अकाउंट्स आवडतं का, कधी काही प्रोग्रॅम लिहिलाय का, गणित सोडून किती वर्षं झाली. गणित जरा घासून ये म्हणाले, पहिल्या सहामाहीत लागतं. नोकरीचा एक शब्द नाही, ग्लोबल नाही, सँडविच तर नाहीच.

मग आम्ही फीच्या खिडकीशी गेलो. आत एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी फी सांगितली. घोडबंदरच्या मानाने ती इतकी कमी होती की मी मनातल्या मनात पेढे वाटले.

काका खिडकीत वाकले. "शेवटचं किती?"

"काका, हे शेवटचंच आहे," बाई म्हणाल्या. "पहिलं पण हेच."

काकांनी सगळे डाव टाकून पाहिले. एकरकमी भरतो. ओळखीच्या आणखी दोन मुली आणतो. घोडबंदरवाले याच्याही खाली यायला तयार आहेत, जे धडधडीत खोटं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. काका बाजूला झाले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. कोणी अपमान केला असता तर त्यांना चाललं असतं, अपमानाचीही घासाघीस करता येते. इथे त्यांच्यासाठी काही कामच उरलं नव्हतं. त्यांना स्वस्त वस्तू नको होती हो. त्यांना स्वतः स्वस्त केलेली वस्तू हवी होती.

पायऱ्यांवर तन्वी म्हणाली, "बाबा, मला इथेच घ्यायचंय."

"बघू," काका म्हणाले. "अजून बाजार बसायचाय."

आणि ते बाजार बसायची वाट बघू लागले. त्यांचा सिद्धांत साधा होता. सीट म्हणजे भाजी. दिवस उतरला की विकणारा उतरतो. ऑगस्टनंतर रिकाम्या सीटा घेऊन कॉलेजवाले काय करणार? त्याप्रमाणे काचेच्या कॉलेजातून फोन यायला लागले. काका फोन स्पीकरवर टाकून मला बोलवायचे, मॅडमचं बोलणं ऐकवायचे आणि शेवटी "विचार करून कळवतो" म्हणून ठेवून द्यायचे. तेवढा वेळ ते पुन्हा त्यांच्या जुन्या टेबलामागे बसलेले असायचे. समोर विक्रेते, हातात पेन.

कल्याणच्या कॉलेजची दुसरी यादी लागली. त्यात तन्वीचं नाव होतं. फी भरायला ठरावीक मुदत होती. मी काकांना समजावलं, काकूंनी समजावलं. तन्वी फक्त कपडे करून, कागदांची फाईल घेऊन बाहेरच्या खोलीत बसून राहिली. काका म्हणाले, घाई विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसते. मुदत संपली. तिसरी यादी लागली ती बाहेरच्या मुलांनी भरली. मग काका एकदाचे काचेच्या कॉलेजात उतरलेल्या भावाने सौदा करायला निघाले, तर मॅडमनी फोनच उचलला नाही. त्यांच्या सगळ्या सीटा गेल्या होत्या. भोळ्या पालकांनी, सँडविच खाऊन, चढ्या भावाने घेतल्या होत्या. त्यांची मुलं निदान प्लायवूडच्या खोलीत का होईना, बसली होती. तन्वी घरी बसली.

काकांनी या पराभवाला 'मार्केट स्टडी' असं नाव दिलं. वर्ष वाया गेलं नाही, अंदाज आला, असं ते मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. पेपरवाल्यालाही. मी त्यांच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं. भाडेकरू असल्यामुळे पूर्ण सोडता येत नव्हतं.

तन्वीने स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नोकरी धरली. पेशंटची नावं टाकायची, रिपोर्ट काढून द्यायचे. त्या कामात तिला कॉम्प्युटरमधल्या गफलती दिसायच्या आणि संध्याकाळी जिन्यात भेटली की ती मला त्या सांगायची. एकाच नावाच्या दोन बायका आल्या की रिपोर्टांची अदलाबदल होते, मग मी लॅबवाल्यांना पेशंट मोबाइल नंबरवरून शोधायला सांगितलं, असं एकदा फार उत्साहाने सांगितलं. बापाबद्दल ती एक अक्षर बोलायची नाही. तिच्या मैत्रिणी खांद्याला सॅक लावून कॉलेजला निघायच्या त्या वेळेला ती मुद्दाम दहा मिनिटं उशिरा घर सोडायची. हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्या दुसरीकडे बघत होत्या.

पुढच्या जूनमध्ये काकू आणि तन्वी एका सकाळी रिक्षात बसून कल्याणला गेल्या. काकांना त्यांनी देवळात जातो सांगितलेलं. त्या संध्याकाळी काकूंनी मला जेवायला बोलावलं. का बोलावलं ते ताटावर बसल्यावर कळलं. घरात तिसरं माणूस असलं की काकांचा आवाज जरा खाली राहायचा.

भात वाढता वाढता काकू म्हणाल्या, "तन्वीचा प्रवेश झाला. कल्याणला. फी भरली."

काकांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी अगदी खालच्या आवाजात, जणू डॉक्टरला विचारावं तसं विचारलं, "कितीला तुटलं?"

"काही तुटलं नाही," तन्वी म्हणाली. "आहे ती फी भरली."

"म्हणजे विचारलंसुद्धा नाहीस?"

तन्वीने पाण्याचा पेला ठेवला. "बाबा, माझं एक वर्ष गेलं. त्याचं कोटेशन घेतलेलं तुम्ही?"

काकूंनी मला आग्रह करून आणखी एक पोळी वाढली आणि मी ती मुकाट्याने खाल्ली. काका हात धुवायला उठले ते बराच वेळ नळाशी उभे राहिले. नळ वाहत होता, आणि पाणी वाया घालवणं हा त्या घरातला सर्वांत मोठा गुन्हा होता.

यानंतर माणूस बदलला असं सांगता आलं असतं तर हे लिहायला सोपं गेलं असतं. आठवडा गेला. मग एकदा काका एकटेच कल्याणला जाऊन आले आणि मला दारात गाठून म्हणाले, "भिंत दगडी आहे." बस्स. त्यानंतर गाडी पूर्वीच्याच रुळावर.

तन्वीचं पहिलं वर्ष संपता संपता लॉकडाऊन लागला आणि कॉलेज घरात आलं. काका आता तिच्या वर्गाला बसू लागले, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे, पलंगाच्या कडेला. एकदा सर मालाच्या साठ्याची पद्धत शिकवत होते. किती माल उरला की नवी ऑर्डर द्यायची, वगैरे. पलंगावरून आवाज गेला, "असं नसतं हो. आधी भाव पाडायचा, मग ऑर्डर." सगळ्या वर्गाने ऐकलं. सर म्हणाले, "ज्यांचा माइक चालू आहे त्यांनी बंद करा." तन्वीने बंद केला. आमच्या मजल्यावर तशी सोय नव्हती. त्याच महिन्यात त्यांनी प्राचार्यांना अर्ज पाठवला, की मुलीने वर्षभर बाक, पंखा आणि पाणी वापरलेलं नाही, सबब तेवढी रक्कम परत मिळावी. अर्जाला उत्तर आलं नाही. "विचार चालू असेल," काका म्हणाले.

तन्वी चांगल्या मार्कांनी पास झाली. आता ती भिवंडीकडच्या एका मोठ्या गोदामात आहे. तिथे हजारो खोकी कुठल्या फळीवर आहेत, कुठली संपत आली आणि कुठली कधी मागवायची, हे बघणारी सिस्टिम ती आणि तिचे तीन-चार सहकारी सांभाळतात. मीही मधल्या काळात लग्न करून ठाण्याला राहायला गेलो. घोडबंदर रोडलाच. काचेच्या कॉलेजवरून रोज जातो. त्यांनी आणखी एक मजला चढवलाय.

गेल्या जूनमध्ये काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून बघायला गेलो, तर बाहेरच्या खोलीत काकांचा दरबार भरलेला. समोर सोफ्यावर पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई, त्यांच्या शेजारी त्यांची बारावी झालेली मुलगी. काकूंनी मला आतून हळू आवाजात सांगितलं की हल्ली हे रोजचंच आहे. मुलगी चांगल्या नोकरीला लागली म्हणून आख्ख्या मानपाड्यातून लोक यांना विचारायला येतात, आणि हे सल्ला देतात. फुकट. आयुष्यात पहिल्यांदाच काही फुकट देतायत.

काका सांगत होते, आम्ही तन्वीच्या वेळी घाई केली नाही. सगळीकडे फिरलो, तीन कोटेशनं घेतली. एक वर्ष मुद्दाम थांबवली तिला, बाजाराचा अंदाज घेतला, आणि मग योग्य वेळी कल्याणला उचललं. बाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या मुलीचं नाव कल्याणच्या यादीत आलेलं होतं आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. थांबलं तर फी उतरेल का, एवढंच त्या विचारत होत्या. मुलगी आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"थोडं थांबा," काका म्हणाले. "घाई करू नका."

तेवढ्यात तन्वी कामावरून आली. दारातच उभी राहून तिने हेल्मेट काढलं. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने बापाकडे बघितलं नाही. त्या मुलीला विचारलं, "तुला घ्यायचंय ना तिथे?" मुलीने मान हलवली. मग तन्वी बाईंना म्हणाली, "काकू, उद्या सकाळी जा आणि सांगतील ती फी भरून या. काही विचारू नका. आणि थांबू तर अजिबात नका."

मी काकांकडे बघत होतो. त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं, असं मला वाटलं. निदान तसं मानायला मला आवडेल. मग त्यांनी घसा खाकरला.

"तेच सांगतोय मी मघापासून," ते म्हणाले.

बाई उठल्या. मुलीचा चेहरा एकदम मोकळा झालेला. बाईंनी तिला खुणेने सांगितलं आणि ती पोरगी वाकून काकांच्या पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खूप मोठी हो म्हणाले, आणि दोघींना सोडायला लिफ्टपर्यंत गेले.

तन्वी आईला औषध द्यायला आत निघून गेली.